कलम तिसरे, खोडलेल्या ओळीसह

मी पार्वतीबाई भ्रतार कै. किशनराव झरीकर, मुलींच्या शाळेतील निवृत्त शिक्षिका, राहणार पिंगळी, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. मी शुद्धीत आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. मला ते जपून लिहावे लागते, कारण पुतणे माणिकराव गावभर सांगतात की काकीचे डोके फिरले, ती मेलेल्या राण्यांबद्दल बोलत बसते. बोलते, हे खरे. पुण्याच्या कॉलेजात इतिहास घेऊन बी. ए. झाले, तेव्हापासून युरोपातील राण्यांची चरित्रे वाचते आहे. हल्ली छाती भरून येते, चार पावलांत दम लागतो. डोके जागेवर आहे.

पहिले. माझी पुस्तके परभणीच्या आमच्या शाळेला द्यावीत. मुलींना राण्यांचे झगे आवडतात. शिकवणारीने त्यांच्या लग्नाचे करारही वाचून दाखवावेत. वैधव्यात कोणती जहागीर मिळेल हे लग्नाआधीच ठरत असे. मिळे की नाही, हा पुढचा धडा.

दुसरे. माणिकरावांना माझ्या यजमानांचे घड्याळ. ते बंद आहे. बाकी काही नाही.

तिसरे. पिंगळीचे घर मी पगारातून घेतले, झरीचा मळा वडिलांनी मला आंदण दिला. दोन्ही माझे स्त्रीधन. दोन्ही मी धाकटी जाऊ दगडाबाई हिला पूर्ण मालकीने देते. (पुढील ओळ खोडली आहे.)

माणिकराव हे दगडाबाईचे पोटचे चिरंजीव. दीर वारल्यावर तिने माहेरच्या शेताच्या विक्रीवर अंगठा दिला नाही, म्हणून यांनी तिला वेडी ठरवून कडब्याच्या खोलीत कोंडले. मी वैद्य चंद्रभान यांना घेऊन गेले आणि कडी काढली. माणिकराव म्हणाले, "काकी, माय येडी हाय. तुमी तिच्या नादी लागू नगा." तेव्हापासून ती माझ्याजवळ आहे.

भाकरी थापताना ती राण्यांच्या गोष्टी ऐकते. परक्या देशात दिलेल्या राजकन्येला सरहद्दीवर माहेरचे कपडे उतरवावे लागत, असे सांगितले, तर म्हणाली, "आमचं तर नावबी उतरीवलं." इंग्लंडच्या एलिझाबेथने लग्नच केले नाही, यावर, "लय शानी." स्पेनच्या जुआनाच्या गोष्टीला मात्र हात थांबला. आईने मृत्युपत्रात राज्य जुआनाला दिले, पण एक ओळ घातली: मुलीला कारभार करता आला नाही, किंवा करावासा वाटला नाही, तर तिच्या बापाने पाहावा. बापाने पाहिला, आणि तिला वेडी म्हणून गढीत ठेवले. पुढे तिचा मुलगा राजा झाला.

"मंग लेकानं काढली आसंल की भाईर."

"नाही. पहारा तसाच ठेवला. तिथेच म्हातारी होऊन वारली."

तव्यावरची भाकरी करपली. "आईनं ती वळ कशाला लिवली, आक्का?"

काळजीपोटी, एवढेच मला सांगता आले.

या कागदाचा मसुदा वकील दिनकरराव यांनी केला. तिसऱ्या कलमाच्या शेवटी त्यांनी आपणहून घातले होते: दगडाबाईंस मिळकत सांभाळता न आल्यास चिरंजीवांनी सांभाळावी. मी विचारले, हे कुणी सांगितले? "रिवाज आहे, बाई. त्यांच्याच काळजीसाठी." मी वाद घातला नाही, आता तेवढे त्राण नाही. ती ओळ मी मुद्दाम उतरवून घेतली आणि मुद्दाम खोडली, म्हणजे बाई घालायची विसरली असे उद्या अदालतीत कुणी म्हणू नये. मिळकत तिला सांभाळता आली तरी तिची, बुडाली तरी तिची.

चौथे. पिंगळीच्या या घरातील मागच्या खोलीची बाहेरची कडी मी काढून टाकली आहे. ती पुन्हा बसवू नये.

पिंगळी, माहे बहमन, सन १३५३ फसली (इंग्रजी डिसेंबर १९४३).

सही: पार्वतीबाई झरीकर

साक्ष: वैद्य चंद्रभान, झरी. लिहिणाऱ्या बाई शुद्धीत आहेत. दगडाबाईंशीही बोललो. त्याही आहेत.

साक्ष: आश्रुबा, हमाल, पिंगळी स्टेशन. निशाणी अंगठा.

खाडाखोड: कलम तिसरे, एक ओळ. मीच खोडली आहे. पा. झ.