तोर्दो बेटाचा डावा फाटा

१० फेब्रुवारी १९६३, रविवार

१. सकाळी ६.१० ला शर्यत सुटली. एकोणीस जलतरणपटू, सहा देशांचे. अंतर साठ किलोमीटर.
२. मी सात नंबरच्या होडीत निरीक्षक. वल्ह्यावर वाटाड्या डॉन सिरिलो बार्रिएन्तोस. होडीमागे पोहणारा रमसी गिर्गिस, इजिप्त.
३. ११.४२ ला तोर्दो बेटाचं टोक. इथे नदी दुभंगते. शर्यत भरवणाऱ्या क्लबाची खूण, बांबूवर लाल फडकं, उजव्या फाट्यावर होती. आमची होडी डावीकडे वळली. रमसी मागोमाग.
४. बाकी सगळे उजवीकडून गेले.
५. २.२६ ला आम्ही सान्ता रीताच्या धक्क्याला. पहिले. गावचा बेनितो ल्युके अकरा मिनिटांनी आला.
६. ५.०० ला समितीचा निर्णय: कलम ९, ‘स्पर्धकाने मुख्य पात्र सोडू नये.’ रमसी बाद. ल्युके पहिला.
७. डॉन सिरिलोनं हरकत घेतली नाही. मीही नाही.

११ फेब्रुवारी

कालचं लिखाण वाचलं. चूक एकही नाही. तरी पुरतं नाही.

मुख्य पात्र म्हणजे कुठलं? समितीच्या मते नकाशात दाखवलंय ते. नकाशा आमच्या जलमापन कार्यालयाचा, १९६० चा. काढलाय मी. खाली कोपऱ्यात माझी सही आहे.

पण गेल्या पुरात नदी सरकली. २४ जानेवारीला मी स्वतः मोजलं — डाव्या फाट्यातून सेकंदाला ११८० घनमीटर, उजव्यातून ८६०. म्हणजे मुख्य पात्र आता डावं! शर्यतीआधी सतरा दिवस मला हे ठाऊक होतं. आमचे साहेब, इंजिनिअर ओयार्सून, आकड्यांकडे बघून म्हणाले, “आदेला, आत्ता नको. खुणा रोवून झाल्यात, पत्रकं छापून झालीत. शर्यत होऊ दे, मग काढ नकाशाचा नवा ताव.” मी वही खणात ठेवली. वाद घातला नाही.

अजून एक. डॉन सिरिलो चार वर्षं आमच्या मोजणीच्या होडीवर आहे. त्याला मी ७ तारखेला सांगितलं होतं — आता मोठं पाणी डावीकडे आहे. तो नळीनं माते, आमचा कडू चहा, ओढत हसला. “नदीला कळवलंस का पोरी? तिला आवडेल ऐकायला.”

तो डावीकडे वळला तेव्हा लाल फडकं मला दिसत होतं. बोलले नाही. निरीक्षकानं वाट सांगायची नाही, हा नियम. आणि खरं सांगायचं तर — मला बरं वाटलं. माझ्या आकड्यांवर कुणी होडी वळवली होती.

१२ फेब्रुवारी

डावा फाटा चारशे मीटरनं लांब आहे. जवळची वाट म्हणणाऱ्यांनी आधी मोजावं.

१३ फेब्रुवारी

रमसी आज गेला. बस थांब्यावर गाठ पडली. खांद्यांवर अजून पोहण्याआधी फासलेल्या चरबीचा वास, ओठ फुटलेले. त्याचं स्पॅनिश मोडकं, पण नेमकं. “आमच्याकडे नाईलचं मोठं पाणी जिथे, तिथे नाईल. इथे नदी कागदात असते?”

मी म्हटलं, “तुम्ही रागावलाय.”

“माझं काय, मी दुसरी नदी पोहेन. म्हाताऱ्याला दुसरी नदी नाही. ते बघा.”

हात मिळवला नि चढला. बस सुटल्यावरही मी तिथेच उभी. कशासाठी, माहीत नाही.

१५ फेब्रुवारी

डॉन सिरिलोचं नाव वाटाड्यांच्या यादीतून कायमचं काढलं. क्लबाच्या दारावर कागद लावलाय.

मासळीबाजारात त्याला पाहिलं. नदीतले मासे विकायला बसला होता. समोरून कुणीतरी ओरडलं, “काय सिरिलो, इजिप्तवाल्यानं किती उंट दिले?” हशा. त्याची बायको रामोना हातात सुरी घेऊन उठलीच. “एक दिलाय! तुझ्या आईला फिरवायला पाठवू का?” तिनं गप्प केलं सगळ्यांना. तो मात्र मान खाली घालून खवलं काढत राहिला. त्याच माशाची, पुन्हा पुन्हा. त्यावर खवलं उरलीच नव्हती.

माझ्याकडे त्यानं वर पाहिलं नाही. मीही पुढे झाले नाही.

२४ फेब्रुवारी, कार्निव्हलचा रविवार

उजेड होता तोवर मिरवणूक पाहिली. तिसरं सोंग डॉन सिरिलोचं! पेंढ्याची दाढी, हातात उलटा धरलेला नकाशा, मागे दोरीला बांधलेला, लाल फेज टोपी घातलेला इजिप्तवाला. ढोलाच्या तालावर —

“सिरिलो सिरिलो, गाव कुठे?
उंट म्हणाला, डावीकडे!”

लहान मुलंसुद्धा म्हणत होती. माझ्या बाजूला साहेब उभे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माझं लक्ष गेलेलं पाहून थांबवल्या.

तो नकाशा खऱ्याची प्रत होता. कोपऱ्यातली सही वाचता येत होती.

२८ फेब्रुवारी

पत्र दिलं. समितीला, कार्यालयाच्या शिक्क्याशिवाय, माझ्या नावानं. २४ जानेवारीची मोजणी, पात्रभर सोळा ठिकाणी मोजलेली खोली, वेग. शेवटी लिहिलं: ‘वाटाड्याने पाण्याचा जोर ओळखून, जाणीवपूर्वक मुख्य पात्र धरले.’ नकाशा जुना होता आणि ते मला माहीत होतं, हेही लिहिलं.

साहेबांनी आत बोलावलं. दार लावलं.

“तू स्वतःच्या नावानं लिहिलंस, पण बोट माझ्याकडे जातं.”

“तुमचं नाव पत्रात नाही.”

“तेच तर! नसलेलं नाव लोक आधी वाचतात.” मग खालच्या आवाजात, “बदली उत्तरेला होईल. डास खातील तुला. चालेल?”

“मोजायला तिथेही नदी आहे.”

बाहेर येऊन टेबलाशी बसले. पेन्सिल उचलली नाही. अर्धा तास काहीच केलं नाही. असं पहिल्यांदाच.

७ मार्च

समितीची बैठक, जाहीर. अध्यक्ष गास्ताल्दी माझं पत्र मोठ्यानं वाचत होते. आकडे आले की कुणीतरी जांभई देई. मला वाटलं, गेलं सगळं!

मग ल्युके उठला. त्याला चारचौघांत बोलता येत नाही, दोन्ही हात खिशात. “माझ्या पुढे एक माणूस होता. अकरा मिनिटं. मी पाण्यात होतो, मला माहीत आहे. तो कप घरात ठेवलाय तर आई त्यावर फडकं टाकते. घेऊन जा तो.”

दहा मिनिटांत ठरलं. रमसी पहिला. तार उद्या. डॉन सिरिलोचं नाव यादीत परत. ज्यांनी उंट मोजले तेच आता — “नदी वाचणारा माणूस!” खांद्यावर उचलायला निघाले त्याला. तो मागे सरकत राहिला. गास्ताल्दींनी तिथल्या तिथे जाहीर केलं की १७ तारखेच्या मुलींच्या शर्यतीत पहिली होडी त्याचीच. तो वाट दाखवणार, बाकी सगळ्या त्याच्यामागे. रेती वाहणाऱ्या मोठ्या मालनौकांच्या वाटेतून!

सोळा वर्षांची नेल्ली कोर्वालान त्याच्या होडीमागे पोहणार आहे. तिनं त्याचा गालच ओढला. “आता मी हरतच नाही!”

आज मला झोप चांगली लागेल, असं वाटतं.

९ मार्च, शनिवार

सकाळी मोजणीच्या होडीत मी नि डॉन सिरिलो, दोघंच. तोर्दोच्या टोकाशी त्यानं वल्ही उचलून धरली.

“पोरी, तू लिहिलंस ना, मी पाण्याचा जोर ओळखून वळलो.”

“हो.”

“मला ते फडकं दिसलंच नाही. उजवं आहे असं समजून मी डाव्यात शिरलो. दोन वर्षं झाली, समोर नुसतं दूध.” मग म्हणाला, “रामोनालाही माहीत नाही.”

दुपारी लिहिलेल्या पत्राची प्रत:

‘डॉक्टर साहेब, नेत्र विभाग, रोसारिओ. वय एकसष्ट, धंदा होडी वल्हवणे. मी आज तपासले: चाळीस मीटरवर लाल कापड दिसत नाही, वीसवर दिसते, पण रंग सांगता येत नाही. याच माणसाविषयी मी एका कागदावर एक वाक्य चुकीचे लिहिले आहे. त्याच्या भरवशावर रविवारी, १७ तारखेला, चौदा मुली नदीत उतरणार आहेत. त्याआधी आपण त्याला तपासू शकाल का? गुरुवार, १४ मार्चपर्यंत कृपया उत्तर द्यावे. उत्तर न आल्यास ते वाक्य मी शुक्रवारी सकाळी समितीकडून परत घेईन. त्याला हे सांगितले आहे.’