न वाजणारी काडतुसं

सोमवार, ८ सप्टेंबर

दोन वाजली नाहीत. सहातली दोन!

माझ्या पेटीला कुणाचा तरी हात लागलाय. दुसरं कारणच असू शकत नाही. खोट्या काडतुसात दारू नसते, तिच्याऐवजी एक बारीक छर्रा असतो. कानाशी धरून हलवलं की तो टिकटिकतो. वाजलं तर खोटं. नाही वाजलं तर खरं समजायचं आणि सगळं थांबवायचं. प्रत्येक शॉटच्या आधी, सगळ्यांच्या देखत, एकेक काडतूस. बाबांनी चाळीस वर्षं सिनेमाच्या बंदुका सांभाळल्या त्या अशाच, आणि मी एकतीस वर्षं सांभाळतेय. सैनिकांच्या हातात रबरी रायफली चालतात. पण नायकाचं काम करणाऱ्या कॉर्बिनच्या रिव्हॉल्व्हरमधली गोळ्यांची टोकं कॅमेऱ्याला समोरून दिसतात, तिथे काडतुसं लागतातच.

ती दोन बाजूला काढली. इग्नासियो शेजारीच उभा होता. म्हणाला, "वाजलं की, बाई. मी ऐकलं."

त्याला कोणी विचारलं होतं? अकरा वर्षं माझ्या हाताखाली आहे, तपासणीत कधी तोंड घातलं नाही. आजच का?

मंगळवार, ९

आज सहाच्या सहा वाजली. दुपारी जनरेटर बंद पडला होता, सगळं युनिट सावलीत गप्प बसलं होतं, मी सावकाश एकेक तपासलं.

हे तर आणखी वाईट. काल बोभाटा झाला आणि आज सगळं जागच्या जागी! म्हणजे जो कोणी आहे तो सावध झाला.

बुधवार, १०

कुठे पाणी मुरतंय ते कळलं.

मेकअपच्या गाडीत ऐकलं — रविवारी कॉर्बिन वाळवंटात नेमबाजीला गेला होता. खरी रिव्हॉल्व्हर, खरी काडतुसं. आणि सोबत कोण? इग्नासियो! मला एका शब्दाने बोलला नाही.

कॉर्बिनला म्हणे हाताला धक्का कसा बसतो ते "अनुभवायचं" होतं. वीस वर्षं तोंडावर केक फेकून घेणारा माणूस, त्याला आता गंभीर नट व्हायचंय. आणि कुठल्या सिनेमात? दोन स्टुडिओ एकाच टेकडीवर दोन युद्धपट काढायला येतात, टेकडी आधी कोणी बुक केली यावरून भांडतात आणि शेवटी दोन्ही खोटी सैन्यं एकमेकांवर खरोखर तुटून पडतात — असला हा सिनेमा. लोकांनी पोट धरून हसावं म्हणून लिहिलेला. कॉर्बिनला मात्र यात बक्षीस दिसतंय.

गंमत म्हणजे इथेही तेच चाललंय. निळ्या हेल्मेटवाल्यांना सकाळी गरम बरिटो मिळतो, हिरव्यांना गारढोण सँडविच. दोन्हीकडचे एक्स्ट्रा परवापासून एका टेबलावर बसत नाहीत. काल एका हिरव्याने निळ्याचं हेल्मेट टेकडीवरून खाली फेकलं. दिग्दर्शक लाइल खूश. म्हणाला, असंच राहू दे.

पण माझं लक्ष इग्नासियोवर आहे. खरं काडतूस आणि माझं खोटं — शेजारी शेजारी ठेवलं तर बाबांनासुद्धा ओळखू आलं नसतं. खिशातून चुकून एखादं पेटीत पडायला कितीसा वेळ? चुकून म्हणतेय मी. अजून तरी.

शेवटच्या आठवड्यात कॉर्बिन दुसऱ्या स्टुडिओच्या नायकाच्या कपाळाला ती रिव्हॉल्व्हर टेकवून चाप ओढतो. तो नायक म्हणजे ड्वाइट. दोन लहान मुलींचा बाप आहे तो, रोज मला त्यांचे फोटो दाखवतो. त्या पोराच्या कपाळासमोर काय असेल याची जबाबदारी फक्त माझी.

गुरुवार, ११

चार! सहातली चार!

मी काम थांबवलं. दोनशे माणसं टेकडीवर, अंगात लोकरीचे युनिफॉर्म, डोक्यावर ऊन. मॉरीन धावत आली. सेट तीच चालवते, दिवसाला किती शॉट झाले याचा हिशोब तिलाच द्यावा लागतो.

"व्हर्ना, किती वेळ?"

"चार काडतुसं मुकी आहेत."

"मुकी म्हणजे?"

"म्हणजे आज इथून कोणी गोळी झाडणार नाही."

तेवढ्यात कॉर्बिनने माझ्या तळहातावरचं एक उचललं, स्वतःच्या कानाशी हलवलं आणि म्हणाला, "आजीबाई, वाजतंय हो. सोडा आता." सगळे हसले. नट तो, लवकर घरी जायला मिळणार म्हटल्यावर दगडसुद्धा वाजतोय म्हणेल. मी ते काढून घेतलं. इग्नासियोकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं!

शॉट रबरी बंदुकीवर, लांबून घेतला. लाइलने टोपी जमिनीवर आपटली. आपटू दे.

बाबांचा नियम — ज्याला शंका आली त्याने काडतूस उघडायचं नाही. सील करायचं आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचं. पाच काडतुसं पाकिटात घालून मॉरीनकडे दिली, तिची सही घेतली. मुकी एकूण सहा होती. एक माझ्या पर्समध्ये आहे. या लोकांवर मी पूर्ण विसंबणार नाही.

शुक्रवार, १२

इग्नासियोला ट्रकमागे बोलावून सरळ विचारलं.

"रविवारी कुठे होतास?"

"तुम्हाला कळलंच असेल, बाई."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"कॉर्बिनसाहेबांनी बोलावलं. नाही कसं म्हणू? माझ्या मेहुण्याची तिथे नेमबाजीची रेंज आहे, त्यांनी तीच मागितली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही जाऊ दिलं नसतं."

"काडतुसं कुठून नेलीस?"

"त्यांची ते घेऊन आले होते. तुमच्या पेटीला मी हात लावला नाही. आईशप्पथ."

मग त्याने काय करावं? पेटीतून एक काडतूस उचललं, माझ्या डाव्या कानापाशी आणून हलवलं. "हे घ्या, तुम्हीच ऐका. वाजतंय ना?"

काहीच वाजत नव्हतं. माझ्या डोळ्यात डोळे घालून तो म्हणत होता की वाजतंय!

मला रडू आलं. त्याच्यासमोर नाही, नंतर ट्रकमध्ये. या माणसाला मी पिस्तूल धरायला शिकवलं. त्याच्या मुलीच्या लग्नात मी पहिल्या रांगेत बसले होते. इतक्या थंडपणे खोटं बोलणारा माणूस मी अकरा वर्षं ओळखला नाही, याचाच संताप जास्त आहे.

मॉरीनला लेखी दिलं — हा माणूस पेटीजवळ नको.

रविवार, १४

घरीच. शेजारच्या ग्लॅडिसने पुन्हा चिठ्ठी चिकटवली, टीव्हीचा आवाज कमी करा. मागच्या वर्षी तिच्या लिंबाच्या फांद्या मी तोडल्या होत्या. अजून उगवतेय सूड.

वॉकीटॉकीही मला मुद्दाम खराब देतात. नुसती खरखर. आणि सेटवर आजकाल सगळे ओठातल्या ओठात बोलतात. मी जवळ गेले की जास्तच. ज्यांना लपवायचं नसतं ते मोठ्याने बोलतात, हे बाबा सांगायचे.

मॉरीननेही अजून पाकिटाचं काही कळवलेलं नाही. शनिवार गेला. पाच काडतुसं उघडायला कितीसा वेळ लागतो?

सोमवार, १५

इग्नासियोला काढलं.

सकाळी कॉफीच्या टेबलाजवळ येऊन त्याने ट्रकची किल्ली माझ्यासमोर ठेवली. माझे जुने कातडी हातमोजे त्याच्याकडे होते, तेही ठेवले. जाताना पाठमोरा काही तरी बोलला. मला नीट कळलं नाही, मी विचारलंही नाही. शिवीच असणार.

नव्या माणसाने काडतुसं आणली. त्यातली तीन वाजली नाहीत.

म्हणजे इग्नासियो एकटा नव्हता.

बुधवार, १७

ऑफिसचं पत्र आलं. पाकीट बाहेरच्या तज्ज्ञाकडून उघडवलं. पाचही काडतुसांत छर्रा. दारू नाही. "शंकेला आधार नाही."

कमाल आहे. पाकीट बदललं! सही घेऊनही बदललं. शूटिंग थांबू नये म्हणून हे लोक काहीही करतील.

मॉरीनने गाडीत बसवून समजावलं. एवढं सावकाश आणि मोठ्याने बोलत होती, जशी मी लहान मुलगी.

"व्हर्ना, तू दमली आहेस. चार दिवस घरी बस."

"उद्या ड्वाइटच्या शॉटला कोण असेल?"

"दुसरा माणूस येतोय. तुझ्याच पद्धतीने तपासेल."

"तुम्ही पाकीट बदललंत, मॉरीन."

तिने माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "अगं, इग्नासियोने घरी जाताना एवढंच विचारलं, की बाईंना कोणी डॉक्टरकडे नेणार आहे का. काढून टाकलेला माणूस असं विचारतो का?"

विचारतो. मला वेडी ठरवली की तो सुटतो! आता सगळा डाव लक्षात आला. डोकं ठिकाणावर नाही म्हणायचं आणि म्हातारीला घरी बसवायचं.

गुरुवार, १८

दिवसभर फोनजवळ बसून होते. चार वाजता ड्वाइटनेच निरोप पाठवला — शॉट झाला, मी ठणठणीत आहे, आणि टेकडी शेवटी हिरव्यांनी जिंकली.

देवाचे आभार. पण एकदा नशिबाने वाचला म्हणून माझं खोटं ठरत नाही. पर्समधलं ते एक काडतूस अजून माझ्याकडे आहे. ते कोणी बदललेलं नाही. उद्या ते उघडून त्यातली दारू कागदावर ओतून तिचा फोटो सगळ्यांच्या तोंडावर मारणार आहे. बाबांचा नियम मोडतेय. दुसरा कोणी विश्वासाचा उरलाय कुठे?

शुक्रवार, १९

गॅरेजमध्ये, चष्मा आणि हातमोजे घालून, काडतूस उघडायच्या हातोड्याने तीन घाव. टोकाची गोळी निघून हातात आली.

दारू नाही. छर्रा.

तो बशीत टाकला. चिनीमातीची बशी, पोलादी छर्रा. उसळताना दिसला, दोनदा, मग कडेने गोल फिरला. आवाज आला नाही. पुन्हा टाकला. डावा कान बशीला लावला, मग उजवा. पाच वेळा टाकला.

सगळी वाजत होती. पहिल्या दिवसापासून सगळी वाजत होती आणि तो मला तेच सांगत होता.

आत्ताच जायला हवं इग्नासियोच्या घरी. फोन नको. तो हळू बोलतो. त्याचे ओठ मला दिसायला हवेत.