पुढची सीट

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र पोचलं. वहीच्या कागदावर दोन्ही बाजूंनी लिहितेस आणि शाई पलीकडे उतरते, म्हणून उजेडात धरून दोनदा वाचलं. तुझी बढती झाली म्हणतेस, फळांच्या शेडमध्ये नाही, पहाटेच्या व्हॅनमध्ये. मागे खोक्यांवर चेंगरून बसायचीस, आता ड्रायव्हरशेजारची पुढची सीट मिळाली. पायपीट वाचली म्हणून आईही खूश आहे.

माझं बरं चाललंय. इस्पितळाच्या धुलाईत दिवसभर चादरी, संध्याकाळपर्यंत बोटं भिजून मनुकांसारखी होतात. खोलीची खिडकी उघडली की समोर भिंत. निदान ती चौकशा करत नाही.

चौकशी तू केलीस. चांगलं शेडमधलं काम सोडून ताई एवढ्या लांब का गेली, असं विचारलंस. जास्त पगार मिळतो असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

मीही त्या शेडला चालत जायचे. पहिली बस शेडचं फाटक बंद झाल्यावर येते आणि तीनदा उशीर झाला की मुकादम घरी पाठवतो, हे तुला मी सांगायला नको. मग व्हॅन मिळाली, महिन्याभरात पुढची सीट मिळाली. थर्मासातला अर्धा चहा ड्रायव्हर मला द्यायचा. त्या सीटच्या बदल्यात त्याला काय हवंय, ते पुढे हळूहळू कळलं. त्याने जबरदस्ती केली नाही. त्याला ती करावी लागली नाही, ते काम फाटकाची वेळ करत होती. आणि तो मला थोडा आवडायचाही, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

एकदा मी निरोधचं नाव काढलं, तर त्याचं तोंड उतरलं. "रोज गाडी धुतो मी. मला घाणेरडा समजतेस?" म्हणाला. हसशील, पण मला ते पटलं. एवढी स्वच्छ गाडी आपल्या वस्तीत दुसरी नव्हती. शाळेत बाईंनी तो धडा घरी वाचून या म्हणून सोडून दिला होता, आणि आपल्या घरी एका खोलीत सहा माणसं. दवाखान्यात निरोध फुकट मिळतात, पण खिडकीत शेजारच्या काकू बसतात. तिथे मागणं म्हणजे आईच्या कानात सांगणं. शिवाय दवाखाना उघडतो आपल्या शिफ्टमध्ये, म्हणजे खाडा. जास्त हट्ट धरला असता तर पुन्हा चालत जावं लागलं असतं. मी हट्ट धरला नाही.

मग तो ताप आला, आठवतं? उतरेचना. इथे कोणी ओळखत नाही म्हणून या इस्पितळात आले. त्यांनी रक्त तपासलं. मला एचआयव्ही आहे. रोज एक गोळी घेते आणि कामाला जाते. वेळेवर कळलं तर या गोळीवर माणूस म्हातारंही होतं, असं इथली नर्स सांगते. गोळ्या इथेच मिळतात म्हणून काम इथेच मागितलं. आई म्हणते ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी दोन वर्षं ती झाकून बसले.

तू लिहिलंयस, सीटवर निळी उशी आहे, कोपऱ्यात लाल टाके घातलेत. ते टाके माझे आहेत. ती सीट सोडताना मी फक्त माझी अब्रू सांभाळली, माझ्यामागून तिथे कोण बसेल याचा विचार केला नाही. बसलीस तू. याची मला फार लाज वाटते, आणि भीती त्याहून जास्त.

तू कुठवर आली आहेस, ते मी विचारत नाही. मंगळवारी मी रजा काढलीय. सकाळच्या बसने ये, तपासणीला आपण दोघी जाऊ. तुझा खाडा पडेल, पडू दे. जे निघेल ते निघेल, माझ्या खोलीत दोन अंथरुणं मावतात. आणि निघण्याआधी, तुझ्यामागून त्या सीटकडे डोळे लावून जी पोरगी बसली असेल, तिला हे पत्र वाचायला दे. माझं नाव झाकू नकोस.

तुझीच,
ताई