श्यामलालला कोड मिळणार नाही

३ डिसेंबर, सकाळ
आजपासून राग बंद. श्यामलालचा विषय कायमचा संपला.

३ डिसेंबर, दुपार
विषय उघडावा लागला. गोरेगावच्या आमच्या शाळेत २५ जानेवारीला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. दुधराम गुरुजींनी रचलेली तलावाची कविता एकाने म्हणायची. ॲपवर रेकॉर्डिंग टाका. ज्याला जास्त मतं, तो स्टेजवर. सातवीत गुरुजींनी मला डावलून श्यामलालला उभं केलं होतं. म्हणे, आवाज मोठा. रेड्याचाही मोठा असतो. यंदा सूड.

५ डिसेंबर
ॲप आमच्या नातीने, दामिनीने बनवलं. म्हणजे घरचंच. पासवर्डसाठी मी गुरुजींची ओळ घोकून ठेवली होती, 'काठावरची चिंच वाकुनी पाण्यात बघते तोंड'. दामिनी म्हणे, "आबाजी, पासवर्डच नाही यात. म्हाताऱ्यांच्या ध्यानात राहत नाही." (मला उद्देशून नसावं.) पहिल्यांदा यादीतून आपलं नाव निवडायचं, मोबाईल नंबर जोडायचा. एका नावाला एकच नंबर. पुढे नंबर टाकला की कोड येतो, कोड टाकला की आत. पाठांतराला किंमत उरली नाही.

६ डिसेंबर
आंघोळ करताना सुचलं. श्यामलालच्या नावाला माझाच नंबर जोडला तर? कोड माझ्याकडे, तो जन्मभर दाराबाहेर! जोडला. कोड आला, टाकला, आत. बायको, प्रेमिला, म्हणे, "काऊन एकटेच हासून राहिले जी?" म्हटलं, कविता आठवली.

९ डिसेंबर
आता स्वतःचं काम. नंबर टाकला, कोड आला, आत. फोन माझा, नंबर माझा. मशीनही माणूस ओळखते. तिन्ही कडवी रेकॉर्ड करून टाकली. आवाज काय लागला! वर कोपऱ्यात गोलात 'श्या' असं काहीतरी दिसतं. चष्म्याचा नंबर तपासावा.

१४ डिसेंबर
दादच दाद. रुख्मा, जी वर्गात माझ्याकडे चुकूनही बघत नसे, लिहिते, "डोळ्यात पानी आलं. आवाज अजून तसाच हाय." तसाच! म्हणजे तेव्हाही ऐकत होती.
श्यामलाल ॲपमध्ये शिरताच येत नाही म्हणून तक्रारी करत हिंडतो म्हणे. हिंडू दे.

२१ डिसेंबर
दामिनी विचारते, "आबाजी, तुमचं नाव अजून कोरंच आहे. लॉगिन कधी करता?" या पोरींना ॲप बनवता येतं, बघता येत नाही. स्वतःला मत दिलं. नम्रपणे.

११ जानेवारी
निकाल. श्यामलाल. प्रचंड मतांनी.
रेकॉर्डिंग माझं, खाली नाव त्याचं! दामिनीला जाब विचारला. तिने फोन पाहिला, मग मला पाहिलं. "आबाजी, श्यामलाल आजोबांच्या नावाला तुमचा नंबर तुम्हीच जोडला. ॲपच्या हिशोबाने महिनाभर तुम्हीच श्यामलाल." म्हणे, समितीला सांगून दुरुस्त करू का? सांगायचं तर सूडही सांगावा लागेल. नको म्हटलं.

१२ जानेवारी
श्यामलाल दारात. "केवळ्या, मी तं त्या ॲपात गेलोच नाही, अन् लोकं मले फोन करून राहिले, वा वा! माझ्या नावानं कोन म्हटलं बे?" म्हटलं, कॉम्प्युटरचा काय भरवसा. मग तोच हळूच, "मले पहिल्या कडव्याच्या पुढे काई आठवतच नाही. शिकवतं का?"
शिकार स्वतःहून आली. तिसरं कडवं चुकीचं शिकवणार. भर सभेत फजिती.

१८ जानेवारी
चुकीचं शिकवलं. त्याने खड्या आवाजात म्हटलं. गुरुजींची ओळ अशी मोडलेली ऐकवेना. दुरुस्त केली. उद्या पुन्हा चुकीचं शिकवतो.

२२ जानेवारी
उद्या नक्की.

२५ जानेवारी
तिन्ही कडवी बिनचूक. पडद्याआडून ओळी मीच पुरवत होतो. रुख्मा पहिल्या रांगेत डोळे पुसत होती. श्यामलालला शाल-श्रीफळ. उतरताना नारळ माझ्या हातात दिला, "धर बे, फोटो काढून येतो." नारळ सरळ घरी घेऊन आलो. मागायला आला तरी देणार नाही.

२६ जानेवारी
आला नाही.