तीन मिलिमीटरचं फूल

३ फेब्रुवारी
मामा अखेर फुलं घेऊन उतरले. (आमच्या वनस्पती-संग्रहालयासाठी झाडावर चढायचं काम त्यांचं. वय साठ, दोरी लागत नाही.) तमालपत्राच्या कुळातलं हे झाड नवीनच. अठरा वर्षांच्या नोकरीतली माझी पहिली प्रजाती! महिन्याभरात पेपर.

९ फेब्रुवारी
फूल तीन मिलिमीटरचं. परागकोशाला झडपा चार. दोन असत्या तर झाड वेगळ्याच गोत्रात गेलं असतं. पुन्हा मोजल्या. चारच. उद्या उजेडात मोजाव्यात.

३ मार्च
महिना झाला, पण फेब्रुवारी हा काही पूर्ण महिना नव्हे. शेजारच्या टेबलावरच्या नेचेवाल्या मॅडम म्हणाल्या, "सर, अजून मुहूर्त लागला नाही का?" म्हटलं, घाईचं काम मला जमत नाही. त्यांच्या नावावर सहा नवे नेचे आहेत. नेच्यांना फुलं नसतात, त्यामुळे सोपं जातं.

१६ एप्रिल
वर्णन संपत आलं. "पाने गुळगुळीत" असं लिहिलं आणि अडलो. भिंगाखाली एका पानावर आठ केस. आठवा बहुधा माझा.

२ मे
बायको म्हणाली, "लग्नाला हो म्हणायलाही तू आठ महिने लावलेस." पण निर्णय बरोबरच ठरला ना? म्हणजे मुद्दा माझ्याच बाजूचा. तसं म्हटल्यावर ती आत निघून गेली.

११ मे
एकाच झाडाच्या चार फांद्या दाबून वाळवायची आमची पद्धत; जादाच्या इतर संग्रहांना जातात. त्यातली एक या कुळाच्या सर्वांत मोठ्या तज्ज्ञांना पाठवली. खात्रीसाठी. साहेब म्हणाले, "अहो, आधी छापा, मग पाठवा!" माणसांवर विश्वास ठेवणं सगळ्यांना जमत नाही.

३० जून
तज्ज्ञांचं उत्तर : "सुंदर नमुना. नक्कीच नवीन." निश्चिंत झालो. आता फक्त फळं पाहायची, की पेपर.

४ ऑक्टोबर
पेपर आला. तज्ज्ञांचा. दोनदा वाचला, चूक नाही. चोरीही म्हणता येत नाही. पाठवलेला नमुना वापरायचा त्यांना हक्क असतो. "थांबा" असं मी पत्रात कुठेच लिहिलं नव्हतं.
साहेबांनी आपल्याकडच्या फांदीसाठी लाल कव्हर दिलं, नव्या प्रजातीच्या मूळ नमुन्याला घालतात ते. वर झाडाचं नवं नाव, पुढे तज्ज्ञांचं. खाली बारीक अक्षरात, "संग्राहक" म्हणून, माझं.
मामांनी वाचून घेतलं. म्हणाले, "संग्राहक तुम्ही? मग चढलं कोण होतं?"