कॅलेंडरवरची टिकली

चि. धुरपताबाईस लातूरहून भामाबाईचा जयभीम.

धुरपे, हे पत्र तुझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं हाय, हे आधीच सांगते. नाहीतर पुरतं वाचून घेशील आणि शेजारच्या शिवगंगाला विचारशील, ही भामा कोण. तुझे गुडघे, डोळे, म्हैस सगळं ठीक असावं. आम्ही मजेत. अक्षर नातसुनेचं, लुंबिनीचं. (कुठं वाकडं झालं तर समज, पोरगी लाजली. मी म्हणलं, तवा लाजली न्हाईस, आता लिहिताना काय लाजतीस.)

आता उपकाराचं. माझ्या नातवाच्या, धम्मदीपच्या लग्नाला चार वर्षं झाली. घर दोन खोल्यांचं, मधे दाराऐवजी पडदा, आणि पडद्याच्या अलीकडं खोकणारी मी. म्हणून दर महिन्याला, धुरपताला चक्कर येती असं घरात सांगून मी मुखेडची गाडी धरायची. खरं कारण तुझ्या कानात एकदाच सांगितलं, तू दुसऱ्यांदा विचारलं न्हाईस. पण मी वर्षभर पोरीची पाळी सरली की लगेच निघत होते. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजी, तुम्ही परत येता तेव्हाच खरे दिवस सुरू होतात." म्हणजे मी नेमकी कामाच्या वेळेला येऊन खोकत होते. तिनं दोघांनाही तपासलं. खोट कुणातच न्हाई, दोन पाळ्यांच्या मधले दिवस तेवढे सांभाळा म्हणाली. तवापासून लुंबिनी त्या दिवसांवर कॅलेंडरात आपली टिकली चिकटवते. मला अक्षर येत न्हाई, टिकली येते. टिकली दिसली की मी पिशवी भरते. तरी तीन-चार महिने रिकामेच गेले. पाळी आली की पोरगी टिकली काढायची आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहायची, बराच वेळ. तेवढं मला बघवत नव्हतं.

दिवाळी झाली आणि टिकली लागली. मी जांबला गाडी बदलून मुखेडला आले, तर तुझ्या दाराला कुलूप. आणि जिला चक्कर येती म्हणून मी निघाले, ती लातुरात माझ्या दारात, डोक्यावर ज्वारीचं गठुडं घेऊन. लुंबिनीनं विचारलं, "आज्जी, तुमाला चक्कर येती ना?" तू म्हणालीस, "मला? मी जांबपसून उभ्यानं आले." वर चहा पिऊन माझ्याच जागी आडवी झालीस. म्हणालीस, "किल्ली माझ्या कंबरेला हाय. जा दोघं, भामाला देऊन या. आता आले तशी मी चार रोज हलत न्हाई."

पोरं दिवेलागणीला पोचली. मी कुलूप उघडलं, दोघांना आत घातलं आणि म्हणलं, माझा जीव शिवगंगाकडं रमलाय. (रमला नव्हता. तिची शेळी रातभर माझा पदर चघळत होती.) दोन रोज शिवगंगा विचारत राहिली, पाहुणे बाहेर का येत न्हाईत. मी म्हणलं, प्रवासानं थकलेत.

धुरपे, पाळी चुकली. काल डॉक्टरीणबाईनं पक्कं सांगितलं. घरी आल्यावर लुंबिनी कॅलेंडरापाशी उभी राहिली, पण तोंड माझ्याकडं होतं. तुझे पाय धरावेत तर तू धाकटी, म्हणून हे पत्र. जे झालं ते तुझ्या छपराखाली झालं. लेकराचं गाव कुणी विचारलं तर मी मुखेडच सांगणार.

तुझी,
भामा

ता.क. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगू नको. तू विसरून सांगशील, म्हणून शिवगंगाला मी आधीच सगळं सांगून ठेवलंय, की तिनं तुला कुणाला सांगू देऊ नये.

आणखी ता.क. खरं काम राहिलंच. आता मला घर सोडायला निमित्त उरलं न्हाई, आणि महिन्याचे चार रोज तुझ्याशी बोलत बसायची सवय लागली. तेवढं बोलावणं पाठव. आजार कोणताही चालंल.

शेवटचं. लुंबिनीला तेलाचा वास सोसत न्हाई, नुसतं आंबट मागते. अंबाडी पाठव, वाळलेली असली तरी चालंल. धपाटे पाठवू नकोस. पाठवलेसच तर वेगळ्या फडक्यात बांध, ते माझे.