घट बसल्यावर

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसले. परडीत माती, गहू, पहिली माळ, सगळं माझ्याच हातचं. आणि दुपारी बाथरूममध्ये बघते तर डाग! पाळी जाऊन सहा वर्षं झाली माझी. आता कुणाला सांगू? घरातली थोरली मी. कुणाची पाळी असली की तिला देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवणारीही मीच. संध्याकाळी गपचूप पुन्हा आंघोळ केली आणि आरती म्हटली. देवीकडे बघवेना.

२३ सप्टेंबर, मंगळवार
आजही. थोडंच आहे. उष्णतेचं असेल.

२४ सप्टेंबर, बुधवार
उष्णतेचं म्हणे! तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. पाळी गेल्यावर परत रक्त आलं तर कॅन्सर नाही ना, हे आधी बघायचं असतं. शेकडो बायकांना मीच सांगितलंय.

आणि काम काय मिळालंय, तर गंगापूर रोडवरच्या नव्या क्लिनिकची तपासणी. पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांसाठीच आहे ते. डॉ. साधनांनी स्वतः बोलावलं. "सिस्टर, आमच्याकडे बायकांची नीट काळजी घेतली जाते का, ते कडक नजरेनं बघा." दिवसभर बसून बघितलं. डॉक्टर चांगली आहे, घाई करत नाही. पण अंगावर जाण्याबद्दलचे प्रश्न बाहेरच्या टेबलावर विचारतात, नवरा किंवा मुलगा शेजारी असताना. सगळ्या बायका "नाही" म्हणतात. ही मोठी चूक आहे, असं मी तोऱ्यात सांगितलं.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला काही त्रास?"

"छे, माझं सगळं कधीच आटोपलं."

तिथं तर कुणीच नव्हतं शेजारी. तरी खोटं बोलले.

२५ सप्टेंबर, गुरुवार
आज मनमाडच्या खुर्शीदाबी माझ्या बाजूला येऊन बसल्या. मुलगा नौशाद औषधं आणायला गेला तसं हळूच म्हणाल्या, "मॅडम, चार सालानंतर परत लागतंय. पोरगा उभा होता ना, त्याच्यासमोर कसं बोलायचं?"

मी तावातावानं म्हटलं, "यात लाज कसली? असलं अंगावर काढायचं नसतं!" हाताला धरून आत नेलं. सोनोग्राफी लगेच झाली. बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, दुवा दिली.

मग मी बाथरूममध्ये जाऊन पॅड बदललं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. स्वतःचीच किळस आली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
माळ घातली. गाठ दोनदा सुटली. ह्यांनी विचारलं, बरं नाही का? म्हटलं, उपासाने.

२८ सप्टेंबर, रविवार
शेवटी मनीषाला सांगितलं. धाकटी जाऊ, वरच्या मजल्यावर राहते. म्हटलं, "उद्यापासून माळ तू घाल. मला परत जातंय. पहिल्या दिवसापासून जातंय, आणि मी घटाला शिवत राहिले." वाटलं, आता ही बोलणार. बोलायला हवंच होतं तिनं.

ती म्हणाली, "ताई, मला नाही घालता येणार. मलाही वर्षभर असंच परत जातंय."

"वर्षभर? आणि बोलली नाहीस?"

"कशी बोलणार? आमच्या सुनेला, आरोहीला, पाळी आली म्हणून तुम्ही आरतीतून उठवलंत, सगळ्या पाहुण्यांसमोर. पोर दोन दिवस जेवली नाही. म्हटलं, सुनेची झाली ती झाली, आता सासूचीही वरात नको."

घरात नर्स असून हिनं वर्षभर माझ्यापासून लपवलं. माझ्यापासूनच.

२९ सप्टेंबर, सोमवार
दोघी रिक्षानं क्लिनिकला गेलो. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, बुधवारचं खोटंसुद्धा. त्यांनी दोघींच्या गर्भाशयाच्या आतले तुकडे तपासायला घेतले. घरी येऊन ह्यांनाही सांगितलं. हे म्हणाले, "माळ मी घालतो." आणि घातली. एवढं सोपं होतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. घट हलवले. मनीषाने पुरण शिजवलं, मी पोळ्या लाटल्या. आरोहीला म्हटलं, चुकलं माझं. ती "असू द्या हो मोठ्या आई" म्हणाली आणि ताट घेऊन गेली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
रिपोर्ट आले. माझं साधं निघालं. मनीषाला कॅन्सर आहे.

डॉक्टरांनी तिला विचारलं, "वर्षभर का थांबलात?"

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "लक्षातच आलं नाही हो."